एप्रिल आणि ऑक्टोबर

अशोकस्तंभाच्या उतारावर, बँडवाल्यांच्या शेजारी
माझं दुकान तळघरात.
पाच पायऱ्या उतरून लोक मेलेली यंत्रं आणतात,
विचारतात, ते फुकटातलं टाकता ना तुम्ही?

टाकतो.
पण कुठलं, एवढं ठरवायला दोन चहा लागतात.

क्षेमकल्याणी आजोबांना स्लॅकवेअरच हवं.
ओझरच्या कारखान्यात हयात गेली त्यांची.
एक प्रोग्राम मागा, ते तेवढाच देतं;
त्याला लागणारे चार सोबती तुमचे तुम्ही हुडका.
आजोबा हुडकतात, वहीत पेन्सिलीने टिपून ठेवतात.
सून म्हणते, अडल्याशिवाय यांना करमतच नाही.

वडाळ्याचा जुबेर अत्तार आर्चवाला.
सगळं रोज सकाळी ताजं,
आणि महिन्यातून एकदा स्क्रीन काळीठिक्कर.
परीक्षेच्या आदल्या रात्री अपडेट मारलंस?
मान खाली.
"सर, एकशे बारा आली होती. राहवलं नाही."

गिरणाऱ्याच्या शाळेत खैरनार बाईंना नऊ यंत्रं दिली,
एका बँकेने मोडीत काढलेली.
त्यांत जुनं डेबियन. ते वायफायच्या कार्डाला ओळखच देईना:
ज्याच्या पोटातलं आपल्याला वाचता येत नाही
त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, हा त्याचा बाणा.
सोवळं म्हणा हवं तर. मला पटतं.
तरी मुलं खोळंबली होती,
मग खिडकीच्या गजातून वायर ओढली.

जेंटूबद्दल विचारू नका.
ते रात्रभर स्वतःलाच घडवत बसतं
आणि पंख्याचा आवाज वरच्या बँडवाल्यांना ऐकू जातो.

आई एकदा आली होती दुकानात.
ती मोहाडीला द्राक्षांची कलमं बांधायची, रोजावर.
भाद्रपदात, गुडघ्यावर बसून.
खुंट डॉगरीजचा, रानटी,
खारं पाणी पिऊन तगणारा,
त्याची स्वतःची द्राक्षं कुणी तोंडात घालत नाही.
त्यात खाच, खाचेत पाचर, वर पट्टी घट्ट.
मग वर्षा-दीड वर्षाने तिथे थॉमसन लगडतं, नाहीतर सोनाका, नाहीतर शरद.

तिला म्हटलं, इथंही तसंच गं.
खुंट एकच, वर ज्याने त्याने आपापली काडी बांधलीय.
उबुंटू तर नवं येतं तेही एप्रिलात आणि ऑक्टोबरात.
"म्हणजे खरडछाटणीला आणि गोडी छाटणीला,"
ती लगेच म्हणाली,
जणू हे मला आधीच कळायला हवं होतं.

मग थोड्या वेळाने,
"बांधणाऱ्याचं नाव राहतं का रे यावर?"

राहतं.
यादी उघडून दाखवली. नावं खाली सरकत गेली,
कुठल्या कुठल्या देशांची.
एकच ओळ बदलली त्याचंही?
एक स्वल्पविराम बदलला त्याचंही.
ती चष्मा काढून बघत राहिली, तिला चष्म्याशिवाय लांबचं दिसतं.
"किती हजार बांधली असतील मी," म्हणाली,
आणि पदराने माझा कीबोर्ड पुसला.

गायधनींच्या लग्नपत्रिकेत गेल्या वर्षी
'दुसऱ्या कन्येचा' मधला ऱ्या फुटला.
र पाय तोडून बाजूला,
य एका ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेला.
मिंटवर ठीक, फेडोऱ्यावर फुटका,
आणि फेडोऱ्यावर तर 'फेडोऱ्यावर' लिहितानाच फुटका.
तीन रात्री शोधलं.
चूक एका फॉन्टच्या नियमात होती, एका ओळीत.

दुरुस्ती पाठवताना नावाचा रकाना आला.
माझ्या आणि आडनावाच्या मध्ये
वडिलांच्या जागी आईचं नाव टाकलं:
मथुरा.
रकान्याला फरक पडला नाही.

साडेतीन महिने झाले. ती ओळ अजून तशीच पडून आहे,
कुणी पाहिलेली नाही,
कुणी नाही म्हटलेलं नाही.
दिवसातून एकदा बघतो.

ऑक्टोबर लागलाय.
मोहाडीला कात्र्यांना धार लावून झाली असेल.